त्या घरात बंद असलेला शब्द

दसरा उलटला की आमच्या किनाऱ्यावरच्या उन्हाला धार येते. सकाळीच वाळू तापते, सुरूच्या झाडांखालची सावली आखडते आणि वाडीभर गोलम्याचा वास पसरतो. गोलमो म्हणजे अगदी बारीक सुकी कोळंबी. मुंबईकडे जवळा म्हणतात तोच. चटयांवर, फाटक्या जाळ्यांवर, डांबरी रस्त्याच्या कडेला, जागा मिळेल तिथे तो वाळत घातलेला असतो. पाहुण्यांना हा वास सोसत नाही. मला सोसतो, पण तो आला की हातातलं काम थांबतं. दोन हजार सालानंतरच्या चौथ्या-पाचव्या वर्षीचा तो हंगाम आठवतो. याच वासात आमच्या पाळणाघराचं दार उघडायचं, आणि एक अडीच वर्षांची मुलगी आत येऊन कोपऱ्यात बसायची. दिवसभर काही बोलायची नाही. संध्याकाळी तशीच परत जायची.

सायली तिचं नाव.

पाळणाघर म्हणजे तरी काय, महिला मंडळाची एक लांबट खोली. पूर्वी तिच्यात जाळी ठेवायचे. भिंतींना चुना मारला तरी डांबराचा आणि खाऱ्या दोराचा वास गेला नव्हता. आज त्याच खोलीत पर्यटकांना पाण्यात उतरवताना घालायची नारिंगी जॅकेटं टांगलेली असतात. तेव्हा तिथे गोधड्या असायच्या, एक लाकडी घोडा, करवंट्यांची खेळणी आणि वाडीतली दीड ते चार वर्षांची पोरं.

मी वालावलहून लग्न होऊन इथे आले होते. आमच्या गावचं पाणी खाडीचं, संथ. ते माणसाला न विचारता कुठे नेत नाही. इथला समुद्र पहिली काही वर्षं मला घाबरवायचा. त्याहून जास्त घाबरवलं होतं एका दृश्याने. एका घराच्या पडवीत खांबाला दोर, दोराचं दुसरं टोक दीड वर्षांच्या मुलाच्या कमरेला. आई किनाऱ्यावर मासळी सोडवायला गेलेली. मूल रडत नव्हतं. दोर जिथवर पुरेल तिथवर जायचं, थांबायचं, परत यायचं. वाईट आई नव्हती ती. होड्या लागल्या की बायकांना थांबता येत नाही. मासळी कोणासाठी थांबत नाही. घरात मोठं माणूस नसेल तर मुलाचं करायचं काय? मंडळाने पाळणाघर काढायचं ठरवलं तेव्हा मी होय म्हणाले ते त्या दोरामुळे.

काम सुरू केल्यावर एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. दोराने बांधलेली किंवा मासळीच्या पाटीत बसवून किनाऱ्यावर नेलेली मुलं उशिरा बोलत होती, आणि आमच्याकडे आली की महिन्या-दोन महिन्यांत तोंड उघडत होती. आम्ही फार काही शिकवत नव्हतो. मला वाटतं, घरात मुलाला बोलायची गरजच पडत नाही. ते कुसमुसलं की आईला कळतं, भूक आहे की झोप. आमच्याकडे कोणाला काय कळणार? अंगावरून दहा हात जातात, वाटी कोणाकडे, पाणी कोणाकडे. तिथे नुसतं रडून भागत नाही. ‘होया’ म्हणावं लागतं, ‘नको’ म्हणावं लागतं. आणि शिकवायला असतात ती सहा महिन्यांनी मोठी पोरं. त्यांच्याइतके चांगले मास्तर मी पाहिले नाहीत. मोठ्या माणसाचं वाक्य लहान मुलाच्या डोक्यावरून जातं. तीन वर्षांच्या पोराचं वाक्य बरोबर त्याच्या उंचीवर येऊन थांबतं.

आम्ही एक खेळ करायचो. मी पाटी पुढे धरून विचारायची, “पाटीत काय आसा?” आणि सगळ्यांनी ओरडायचं, “बांगडो!” मग “जाळ्यात काय आसा?” की “सुंगटां!”, म्हणजे कोळंबी. सुरुवातीला मी पुस्तकातली गाणी शुद्ध मराठीत म्हणून पाहिली होती. पोरं तोंडाकडे बघत बसायची. ‘मला पाणी हवे’ असं त्यांच्या घरात कोणी कधी म्हटलेलंच नव्हतं. ‘माका पाणी होया’ म्हटल्यावर मात्र खोली हलली.

एकच जागा हलली नाही. सायलीचा कोपरा.

तिची आई सुवर्णा तिला घेऊन आली तो दिवस आठवतो. पंचविशीची बाई, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात मुलीचं मनगट. मुलीचा हात नव्हे, मनगटच धरलं होतं, सुटून जाईल तसं.

“बाई, चेडू बोलणा नाय,” ती मुलीकडे बघत म्हणाली. “मालवणच्या डॉक्टराक दाखवलंय.”

“काय म्हणाले?”

“कान बरे आसत म्हणाले. जीभ पण बरी. मगे माका विचारल्यानी, तुमच्या घरात बोलतं कोण?”

तिने मुलीचं मनगट आणखी घट्ट धरलं.

“मी कायच सांगूक नाय. तेंनी सांगल्यानी, पोरांत सोडा तिका.”

तिच्या घरची हकीकत वाडीत सगळ्यांना ठाऊक होती, मलाही. दीड वर्षापूर्वी, हंगाम सरायला थोडेच दिवस उरले असताना, तिचा नवरा दिगंबर दोघा सोबत्यांना घेऊन पहाटे होडी घेऊन गेला होता. दुपारी वारा फिरला. होडी उलटली. दोघांना दुसऱ्या होडीवाल्यांनी ओढून घेतलं. दिगंबर सापडला नाही. त्या दोघांपैकी एकाने त्याला उलट्या होडीवरचा हात सोडताना पाहिलं होतं. तो सांगायला म्हणून दिगंबरच्या आईकडे गेला. राधाबाय तिचं नाव. पाटी डोक्यावर घेऊन बाजारात उभी राहिली की गिऱ्हाईक दुसरीकडे वळायचं नाही अशी बाई. त्याने “काकी, दिगू…” इतकंच म्हटलं, आणि राधाबायने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“माज्या उंबऱ्यात तो शब्द काढूचो नाय,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून त्या घरात तो शब्द बंद झाला, आमच्या बोलीतला ‘गेला’. गेलो. मेलो नव्हे, नुसता गेलो सुद्धा. मागे कुठल्याशा गावचा एक खलाशी वाहत जाऊन परमुलखातल्या तुरुंगात सापडला होता आणि बऱ्याच वर्षांनी घरी आला होता, असं कोणीतरी राधाबायला सांगितलं होतं. तिला तेवढं पुरलं. तिने मुलाचं क्रियाकर्म होऊ दिलं नाही. सुनेला रोज सकाळी समोर बसवून कुंकू लावायला लावलं. पण ‘तो येतलो’ असंही ती मोठ्याने म्हणत नसे. म्हटलं आणि कोणी नुसतं बघितलं तरी तिला ते सहन झालं नसतं. गेला म्हणायचं नाही, येणार म्हणायचं नाही. मग उरतं काय? मीठ दे, दार लाव, लाकडं आण. पुढे पुढे तेही हातांनी, मानेने होऊ लागलं. दोन बायका एकाच चुलीवर जेवत होत्या आणि त्यांच्या पायांत एक मूल मोठं होत होतं. बाप होता तेव्हा ते ‘बा बा’ करायचं म्हणे. मग तेही थांबलं. ज्या वयात मुलावर बोलणं पाण्यासारखं ओतावं लागतं, त्या वयात तिच्या घरात कोणी बोलतच नव्हतं.

मला त्या घरात एकदाच जाण्याचा प्रसंग आला होता, मंडळाच्या कामासाठी. चूल पेटलेली, रेडिओ बंद. दोघी मासे निवडत होत्या. मी गेले, बसले, बोलले, उत्तरं मिळाली. पण मी निघाले तेव्हा मागे दार लागण्याआधीच घर परत गप्प झालं होतं. बाहेर समुद्राचा आवाज एवढा मोठा वाटला की मी जरा थांबले.

सायली आमच्याकडे कोपऱ्यात बसून सगळं बघायची. तिचे डोळे काही गप्प नव्हते. कोण कोणाला मारतो, कोणाची वाटी कुठली, तिला सगळं ठाऊक असायचं. आम्ही तिला ओढून पुढे आणलं नाही. तिच्याशी बोलत राहिलो, उत्तराची वाट न बघता. पेज वाढताना, केस विंचरताना, नाक पुसताना, जे हात करत होते तेच तोंडाने सांगत राहिलो. कधी कधी वाटायचं, विहिरीत दगड टाकतोय आणि आवाज येत नाहीये.

सकाळ चढली की आमच्या खोलीत रोज एक धांदल व्हायची. लांबून होडीच्या यंत्राची फटफट ऐकू येई. ओंकार म्हणून एक साडेतीन वर्षांचा मुलगा होता, गोल पोटाचा, आवाजाने मोठा. तो खिडकीच्या गजांना लटकायचा आणि बाबा आला म्हणून ओरडायचा, “इलो! बाबा इलो!” मग सगळीच खिडकीकडे धावायची. “इलो, इलो, इलो!” ज्यांचे बाप मुंबईला नोकरीत होते तीही ओरडायची. होडी कोणाची आहे याच्याशी कोणाला देणंघेणं नसे. ओरडण्यातच सुख होतं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी त्या ओरड्यात मला एक वेगळा आवाज ऐकू आला. खरखरीत, वापर नसलेल्या बिजागरीसारखा. मी वळून पाहिलं. सायली कोपऱ्यातून उठून मुलांच्या मागे उभी होती. तिला खिडकीतून काही दिसत नव्हतं, पुढे सगळ्यांची डोकी होती. ती टाचा उंच करून, तोंड भलं मोठं उघडून म्हणत होती, “इलो!”

मला रडू आलं. आनंदाचंच होतं. संध्याकाळी सुवर्णाला सांगायचं म्हणून दिवसभर मी मनात वाक्य जुळवत होते. पण त्या दिवशी किनाऱ्यावर बांगडा फार आला होता, सुवर्णाला यायला जमलं नाही. सायलीला राधाबायच घेऊन गेली. तिला सांगताना मी अडखळले. पोर बोलली, एवढंच म्हणाले. काय बोलली ते तिने विचारलं नाही.

ते तिला घरी कळलं.

दुसऱ्या दिवशी पाळणाघर उघडायच्या आधीच राधाबाय दारात उभी होती. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर काहीतरी लख्ख होतं. दीड वर्षात तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

“बाई, तुमी शिकवलास काय तिका?”

“काय?”

“काल सांजेक चेडू माज्या मांडयेर बसला होता. भिंतीकडे बगल्यान आणि म्हणाला, इलो.”

मी तिला बसवलं. म्हटलं, “राधाबाय, सगळी पोरां आरडतत. होडी इली काय आरडतत. ताच शिकला ता.”

“पोरां आरडतत ती होडी बगून,” ती म्हणाली. “ह्या चेडू भिंतीकडे बगून बोलला. थंय होडी खंयसून येतली?” मग तिने माझा हात धरला, गच्च. “जल्माक इल्यापासना ह्या चेडवान एक शब्द बोलूक नव्हतो. आणि पयलो शब्द बोल्ला तो ह्यो. पोराच्या तोंडातसून देव बोलता, बाई.”

मी परत एकदा समजावलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि निघून गेली. जाताना तिची चाल हलकी होती.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी सायलीला आधी किनाऱ्यावर न्यायची. ओल्या वाळूत उभी करायची आणि बाबा कुठे म्हणून विचारायची, “बाबा खंय गो? सांग, बाबा खंय?” सायलीला हा खेळ आवडला. तिच्या आजीने तिच्याशी इतकं बोलणं, तिच्या तोंडाकडे बघत राहणं, ती म्हणेल त्यावर हसणं हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. ती हात उडवून म्हणायची, “इलो!” मासळी सोडवणाऱ्या बायका खाली बघत आपलं काम करत राहायच्या. सुवर्णा त्यांच्यातच असायची. जाळ्यातून मासा काढता काढता तिची बोटं थांबायची, मग परत चालू व्हायची. राधाबायने दिगंबरचे कपडे धुऊन वाळत घातले. दोरीवर त्याचे शर्ट हलताना रस्त्यावरून दिसायचे.

हंगाम भरात होता. थंडी पडू लागली होती. सायली आता पाळणाघरात कोपरा सोडून सगळीकडे फिरत होती, पण तिच्याजवळ शब्द एकच होता आणि ती तो सगळ्याला वापरत होती. कुत्रा इलो, पेज इलो, झोप इलो. मला एरवी हसू आलं असतं.

एके दुपारी सुवर्णा लवकर आली. अंगाला मासळीचा वास, हात मिठाने फुटलेले. मुलं झोपली होती. ती माझ्याजवळ बसली आणि हळू म्हणाली, “बाई, तिका दुसरो शब्द शिकवा.”

“कसलो?”

ती बराच वेळ गोधडीचा दोरा ओढत राहिली.

“गेलो,” ती म्हणाली.

बाहेर वाळत घातलेल्या मासळीवर कावळे ओरडत होते. मी म्हटलं, “सुवर्णा, तू आई आहेस. तूच सांग ना.”

“माज्या तोंडाक ता येणा नाय. आणि इला तरी त्या घरात सांगूचा कसा? आये त्येचे कपडे धुतता. कपडे धुतल्यावर माज्याकडे बगता. मी काय सांगू?” मग ती एकदम म्हणाली, “माका म्हायत आसा, बाई. पयल्या दिसापासना म्हायत आसा. त्येची वाट बगूक माका जमणा नाय. आणि रडूक पण गावणा नाय.”

दीड वर्ष त्या बाईला रडायची परवानगी नव्हती. वाट बघणाऱ्या घरात रडलं तर तो अपशकुन.

मी तिला ‘हो’ म्हटलं की नाही ते आठवत नाही. मुलांना शब्द शिकवायचा असा वेगळा तास नसतो. समोर काहीतरी घडावं लागतं आणि त्याच वेळी तोंडातून शब्द पडावा लागतो, परत परत. आणि ‘गेलो’ हा तर सगळ्यात सोपा शब्द आहे. दिवसभर सगळं जातच असतं. कावळा उडाला की आमची काकी, पेज शिजवणारी, हात वर करून म्हणायची, “कावळो गेलो!” ती हे वर्षानुवर्षं म्हणत होती. चेंडू दारातून बाहेर घरंगळला, गेलो. पाव खाऊन संपला, गेलो. कुत्रा हाकलला, गेलो. मी फक्त सायलीला त्या वेळी खिडकीशी उचलून घेऊ लागले. एवढंच केलं मी, आणि याचा मला आज अभिमानही नाही, पश्चात्तापही नाही. कधीतरी तिला तो शब्द लागणारच होता. शब्दाशिवाय ती राहिली असती तर तिच्या घरातल्या बायकांसारखीच राहिली असती.

थोड्याच दिवसांत ती कावळ्याकडे हात हलवत म्हणू लागली, “गेलो.” ‘इलो’ पेक्षा हा शब्द तिला जास्त आवडला असं मला वाटलं. त्यात हात हलवायला मिळायचा. मग इतर शब्दही एकामागून एक आले, पाणी, मांजर, ओंकारचं ‘ओंका’, होया, नको. माझ्या माहेरी, कुडाळच्या बाजूला, पावसाळ्याच्या शेवटी शेताचा बांध फुटतो आणि पाणी कसं वाट मिळेल तिकडे धावतं, तसं. मग मुलं करतात तेच तिने केलं. दोन शब्द जोडले. “मांजर नको.” “पाणी होया.” हे जोडणं मला नेहमी चमत्कारासारखं वाटतं. सुटे शब्द मूल दुसऱ्याकडून उचलतं; जोड मात्र त्याची स्वतःची असते. ती कोणी शिकवलेली नसते.

पौषातली सकाळ होती ती. मी त्या दिवशी किनाऱ्यावरूनच पाळणाघराकडे चालले होते. नुकत्याच दोन होड्या लागल्या होत्या, बायका जाळ्यांभोवती बसल्या होत्या. राधाबाय नातीला घेऊन पाण्याच्या कडेला उभी होती. तिने नेहमीचा प्रश्न विचारला.

“बाबा खंय गो? सांग आजयेक. बाबा खंय?”

सायलीने समुद्राकडे पाहिलं. समोर काही नव्हतं, रिकामं पाणी, चकाकणारं. तिने हात वर केला, कावळ्याला करायची तसा, आणि स्पष्ट म्हणाली, “बाबा गेलो.”

राधाबायला आधी कळलंच नाही. तिने परत विचारलं. मुलीला वाटलं आजीला आवडलं. ती जोरात हात हलवत, हसत, पुन्हा म्हणाली, “बाबा गेलो!”

राधाबायने तिला मारलं. एकच थप्पड, पण मासळीच्या पाट्या उचलणारा हात होता तो. मूल वाळूत पडलं. मी धावले, माझ्या आधी सुवर्णा पोचली होती. ती जाळ्यातून उठली ती हातात चाकू तसाच घेऊन, मग तो वाळूत टाकला. तिने मुलीला उचललं नाही. ती मधे उभी राहिली.

“मारू नकात तिका, आये,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण किनाऱ्यावर सगळ्यांना ऐकू गेला. “चेडवान खरा ता सांगल्यान. तो गेलो. आमचो दिगंबर गेलो.”

राधाबाय तिच्याकडे बघत राहिली. पुन्हा तोंडावर हात ठेवायचा तर आता कोणाच्या? मग ती होती तिथेच ओल्या वाळूत बसली. लाट आली, तिचं लुगडं भिजलं, तरी ती उठली नाही. आणि तिने जो सूर काढला तो मी विसरलेले नाही. तिने मुलाला लहानपणी मारायची ती हाक मारली. सुवर्णा तिच्या शेजारी बसली, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून तीही रडली. वाडीतल्या बायका उठून त्यांच्याभोवती आल्या. दीड वर्ष थांबलेलं रडणं त्या सकाळी झालं. होड्यांतली मासळी उन्हात तशीच पडून राहिली.

सायलीला मी उचललं होतं. तिच्या गालावर बोटं उमटली होती. ती रडत नव्हती. तोंड मिटून ती दोघींकडे बघत होती.

पुढच्या आठवड्यात भटजींनी दर्भाची पुतळी केली. शरीर नव्हतं म्हणून त्या पुतळीला दिगंबर म्हणून अग्नी दिला. दोरीवरचे शर्ट काढले. सुवर्णाच्या कपाळावरचं कुंकू गेलं.

आणि सायलीचं बोलणं गेलं. सगळे शब्द, पाणीसुद्धा. पाळणाघरात ती परत कोपऱ्यात जाऊन बसली. जो शब्द म्हटल्यावर आजी पडली, आई रडली, सगळा किनारा रडला, त्यानंतर कुठलं मूल तोंड उघडेल? रोज संध्याकाळी सुवर्णा दारातूनच विचारायची, “बोल्ला?” मी मान हलवायची, नाही. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पेज वाढताना बोलायचं, केस विंचरताना बोलायचं. काकी कावळ्याला हाकलायची, पण आता नुसता हात करायची. मीच तिला सांगितलं, “काकी, म्हणा तो शब्द. नायतर तिका कायम भय वाटात.” काकी म्हणू लागली. सायली कानांवर हात ठेवायची.

मोठ्यांकडून ते झालं नाहीच. शिमग्याच्या आधी कधीतरी ओंकार तिच्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि तिची गोधडी ओढू लागला. त्याला तिच्या दुःखाची काय पर्वा? तिने ओढली, त्याने ओढली. शेवटी ती चिडून ओरडली, “माजी!” तो म्हणाला, “माजी!” मग दोघं बराच वेळ तेवढंच बोलत राहिली. मी मधे पडले नाही. भांडायला माणूस मिळालं की शब्द परत येतात, हे मी तेव्हा शिकले. लाडाला ते घाबरतात कदाचित.

राधाबाय मात्र बोलत नव्हती. तिने बाजार सोडला. घरात बसून असायची. सुवर्णा आता घरात बोलायची, मुलीशी, सासूशी, भांड्यांशीसुद्धा. वाडीतल्या बायका सांगायच्या. म्हातारी ऐकायची की नाही कळत नसे. माझ्याशी तर तिने संबंधच तोडला होता. रस्त्यात दिसले तर मान वळवायची. मला त्यात चूक वाटली नाही. तिचा मुलगा दोनदा बुडाला होता, आणि दुसऱ्यांदा बुडाला तो माझ्या खोलीतून गेलेल्या शब्दाने.

चैत्रात सुवर्णाला कोळंबी सोलायच्या कारखान्यात काम मिळालं. सकाळची गाडी धरून जायचं, दिवेलागणीला परत. सायलीला पाळणाघरात आणायचं आणि न्यायचं आता राधाबायवर आलं. दुसरं कोणी नव्हतंच.

पहिल्या दिवशी दोघी आल्या तेव्हा मी दारात होते. म्हातारी कुंपणाशीच थांबली. अंगणात पाऊल टाकलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. तिने नातीचा हात सोडला. सायली चार पावलं आत आली, आणि वळली. ती आजीकडे बघत उभी राहिली. त्या थपडेनंतर ती आजीशी बोलली नव्हती, हे मला सुवर्णाने सांगितलं होतं.

“आजये,” ती म्हणाली, “तू येतलंस?”

न्यायला येशील का, एवढंच तिला विचारायचं होतं. आत मुलांचा गोंधळ चालला होता. राधाबाय उत्तर देईल असं मला वाटलं नाही. तिचे ओठ हलले, पण आवाज यायला वेळ लागला. महिनोन्महिने न वापरलेला आवाज होता तो.

“येतलंय,” ती म्हणाली.

सायली आत पळाली. मी कामाला लागले. पोरांना पेज वाढली, झोपवलं, भांडणं सोडवली. दुपारी पाणी फेकायला मागच्या दारी गेले तर कुंपणापलीकडे, एका उलट्या होडीच्या सावलीत, राधाबाय बसलेली दिसली. सावली सरकली की ती सरकत होती. घरी ती गेलीच नव्हती.

मी तांब्याभर पाणी नेऊन तिच्याजवळ ठेवलं. तिने मान वळवलेलीच ठेवली. पाणी मात्र प्यायली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच बसली होती.